डावीकडे झुकलेला मनोरा

नानाजी बोरकुटेंनी आयफेल टॉवर चार वेळा उभा केला होता. ताजमहाल किती वेळा, ते त्यांनाही आठवत नव्हतं. लंडनचं घड्याळ, चीनची भिंत, अमेरिकेची मशालवाली बाई, इजिप्तचे पिरॅमिड, असं अर्धं जग त्यांनी बांबू, कापड, थर्माकोल आणि पीओपीच्या जोरावर नागपुरात आणून ठेवलं होतं. दर नवरात्रात कुठल्या ना कुठल्या मंडळाची देवी नानाजींनी बांधलेल्या परदेशात बसायची आणि दसरा झाला की तो देश दोऱ्या सोडून टेम्पोत भरला जायचा. स्वतः नानाजी मात्र पश्चिमेला शेगावच्या आणि पूर्वेला बहिणीच्या मौद्याच्या पुढे गेले नव्हते.

त्याचं काही वाटत नाही, असं ते सांगायचे. हुडकेश्वरच्या घरात पलंगाखाली त्यांची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात कॅलेंडरची पानं, रद्दीतून वेचलेली मासिकं, कुणी कुणी दिलेली पोस्टकार्डं असं सगळं जग घडी घालून ठेवलेलं होतं. घटस्थापनेच्या संध्याकाळी मंडळवाले त्यांच्या हातात माइक द्यायचे आणि नानाजी सुरू व्हायचे. उंची किती, पायऱ्या किती, पाया कुणी घातला, बांधायला किती वर्षं लागली. आरतीचं तबक हातात धरून बायका ताटकळायच्या, पण नानाजी आटोपतं घ्यायचे नाहीत. वस्तीतले लोक त्यांना 'वर्ल्ड टूर काकाजी' म्हणायचे. त्यात चेष्टा आहे हे कळत असूनही नानाजींना ते नाव मनापासून आवडायचं.

आणि या सगळ्यात त्यांची बायको गोपिका कुठे होती? ती मागे होती. सांगाड्यावर कापड ताणायचं, चुण्या पाडायच्या, टाचण्या मारायच्या, हे काम तिचं. मशालवाल्या बाईच्या झग्याची एकूणएक चुणी गोपिकाच्या हातची. पण कुणी विचारलंच, की यंदा काय उभं करून राहिले, तर ती म्हणायची, "काय की बाई, याईचं काही तरी उंच उंच चालू आहे." टीव्हीवर परदेश दिसला की ती चॅनल बदलायची. जगातली पाहण्यासारखी ठिकाणं हा नवऱ्याचा प्रांत, असं त्या घरात ठरून गेलं होतं. निदान नानाजींच्या मते तरी ठरलं होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी भूमिका सात वर्षांपासून इटलीत, मिलान शहरात राहत होती. जावई जितेंद्र तिथे इंजिनिअर. जानेवारीत भूमिकाचा व्हिडिओ कॉल आला. जूनमध्ये बाळ होणार होतं, आईनं बाळंतपणाला यावं असं तिचं म्हणणं होतं. गोपिकाचे डोळे पाण्यानं भरले. मग भूमिका म्हणाली, "बाबा, तुम्ही पण या ना. सारं फिरवून दाखवते तुम्हाले."

इटली! नानाजींच्या पेटीतला सगळ्यात जाड गठ्ठा इटलीचा होता. पण आपल्याकडे पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणणारा माणूस हावरट दिसतो. पंगतीत पुरणपोळी आली की आपण ताटावर आडवा हात धरतो आणि 'पुरे पुरे' म्हणतो. वाढणारा त्या हाताला जुमानत नाही, आणि त्यानं जुमानू नये हीच आपली इच्छा असते. नानाजींनी तसाच हात धरला. "मले कुठं वेळ आहे वं," ते म्हणाले. "देवीची कामं कोण करीन? तुम्ही मायलेकी पाहा."

"बरं बाबा," भूमिका म्हणाली.

नानाजी वाट पाहत राहिले. आज विचारेल, उद्या विचारेल. लेकीच्या लग्नाच्या वेळी काढून ठेवलेला आपला कोरा करकरीत पासपोर्ट पेटीतून काढून त्यांनी उशीखाली ठेवला. आठ दिवसांनी तिकीट आलं, ते एकाच माणसाचं. नानाजींनी पासपोर्ट परत पेटीत टाकला आणि झाकण जरा जोरातच आपटलं. मुलगी परदेशात राहून आपल्या रीती विसरली, असं त्यांनी ठरवून टाकलं. तिथे माणसं एकदाच विचारत असतील आणि 'नाही' म्हटलं की खरंच निघून जात असतील.

मे महिन्याच्या शेवटी ते गोपिकाला विमानतळावर सोडून आले. लाडू, डिंक, बाळंतविडा, बाळासाठी जुन्या मऊ लुगड्यांचे तुकडे, एवढं सगळं घेऊन ती आत गेली. काचेपलीकडून तिनं मागे वळून हात हलवला आणि नानाजींना पहिल्यांदा कळलं की हे जे वाईट वाटतंय, ते बायको दूर चालली म्हणून नाही. ती चालली आणि आपण राहिलो म्हणून आहे.

पुढचे तीन महिने त्यांचे फार वाईट गेले. नऊ जूनला नातू झाला, त्याचा आनंद खराच होता, वस्तीत पेढेही वाटून झाले. पण त्यानंतर फोटो यायला लागले. गोपिका एका पांढऱ्याशुभ्र, शेकडो सुळके असलेल्या देवळापुढे उभी आहे. गोपिका व्हेनिसमध्ये नावेत बसली आहे, सुती साडी, वर लेकीचं स्वेटर, पायात खेळाचे बूट. जिला सक्करदऱ्याच्या तलावातल्या होडीत बसायची भीती वाटायची, ती व्हेनिसच्या नावेत पाय पसरून बसली होती आणि हसत होती. नानाजींनी दोन बोटांनी फोटो मोठा करून तिचं हसू जवळून पाहिलं. ते हसू त्यांना अजिबात आवडलं नाही.

त्यात शेजारच्या कुसुमताई. रोज संध्याकाळी त्या फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या. "आज कुठं गेली जी गोपिका?" मग नानाजींनी फोन काढायचा आणि आपल्याच हातानं आपल्या जखमेवर मीठ चोळायचं. एकदा ते कुसुमताईंना सांगायला लागले की हे जे देऊळ आहे ना, ते बांधायला पाचशेच्या वर वर्षं लागली. कुसुमताई म्हणाल्या, "हो का? गोपिका आली की विचारीन तिले. तिनं तं डोळ्यानं पाहिलं." नानाजींच्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षं ज्या माणसाला अख्खी वस्ती पायऱ्यांचे आकडे विचारत आली, त्याचं म्हणणं आता बायकोकडून तपासून घेणार!

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पिसाचा फोटो आला. तो प्रसिद्ध झुकलेला मनोरा, आणि त्याला टेकू दिल्यासारखा हात हवेत धरून उभी असलेली गोपिका. सगळे प्रवासी असाच फोटो काढतात हे नानाजींना ठाऊक होतं. त्यांच्या पेटीत तशी तीन कात्रणं होती. पण खांबांची नक्षी बघायला त्यांनी फोटो मोठा केला, तर नेमका त्यांना पाहायचा होता तो तिसरा मजला गोपिकाच्या पंज्यामागे झाकला गेला होता. आठ मजल्यांपैकी कुठलाही झाकता आला असता. त्या दिवशी नानाजी जेवले नाहीत. ॲसिडिटी झाली म्हणाले, पण घरात ऐकायला कुणी नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्या फोटोत होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. मनोरा उजवीकडे झुकला होता. बारा वर्षांपूर्वी नानाजींनी हाच मनोरा एका मंडळासाठी उभा केला होता, औषधाच्या दुकानातल्या कॅलेंडरवरून, आणि तो डावीकडे झुकवला होता. नानाजी मूग गिळून बसले. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट, कोणाच्या लक्षात असणार?

पण गोष्टी तिथेच राहत नाहीत. गोपिकानं तो फोटो स्टेटसला ठेवला. सक्करदऱ्याच्या तलावाजवळच्या मंडळाचा अध्यक्ष आयुष, पंचविशीतला तरतरीत गडी, त्यानं तो पाहिला आणि नानाजींना फोन लावला. "काकाजी, यंदा पिसाचा मनोरा पक्का. काकूंचा फोटो पाहूनच कमिटीनं ठरवलं." इतकी वर्षं नानाजी पेटी घेऊन जायचे आणि मंडळाला देश निवडून द्यायचे. यंदा देश बायकोनं निवडला होता, तोही मिलानमध्ये बसून.

ऑगस्ट संपता संपता गोपिका परतली. रंग जरा उजळला होता, बोलणं जरा वाढलं होतं. दुपारभर बायकांची ये-जा. चॉकलेटं वाटली गेली, बाळाचे फोटो फिरले. नानाजींसाठी तिनं फ्रिजला चिकटवायचा बोटाएवढा पिसाचा मनोरा आणला होता. "तुमच्यासाठी बम हिंडून शोधला," ती म्हणाली. नानाजींनी "बरा आहे" म्हटलं आणि तो ड्रॉवरमध्ये, जुन्या बिलांच्या खाली ठेवून दिला. बोटाएवढा मनोरा त्याला द्यायचा, ज्यानं तीस फुटी उभा केला होता!

दिवसभर ते तिचं बोलणं कान देऊन ऐकत आणि आपण ऐकत नाही असं दाखवत. ती सांगायची ते सगळं भलतंच असायचं. मनोऱ्याची उंची तिला माहीत नव्हती. पण तिथल्या हिरवळीवर बसू देत नाहीत, बाजूच्या नळाचं पाणी थंडगार आहे, दगड पांढरा असला तरी जवळून पाहिलं तर त्यात राखी रेघा आहेत, आणि पायऱ्या लोकांच्या पावलांनी मधोमध झिजून वाटीसारख्या झाल्या आहेत, हे माहीत होतं. झिजलेल्या पायऱ्या! नानाजींना पायऱ्यांची संख्या पाठ होती, पण त्या झिजल्या असतील हे त्यांच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. हे कुठल्याच कॅलेंडरवर नव्हतं. त्यांना तिचा इतका हेवा वाटला की चहाचा कप तसाच ठेवून ते गच्चीवर निघून गेले.

मग मंडळाची बैठक झाली. "काकूंनाही घेऊन या," आयुषनं बजावलं होतं. सक्करदऱ्याच्या त्या छोट्या कार्यालयात दहा-बारा जण बसले होते. नानाजींनी पुठ्ठ्याचा हातभर नमुना टेबलावर ठेवला. सवयीनं, म्हणजे बारा वर्षांपूर्वीच्या सवयीनं, तो डावीकडे झुकला होता. बोट दाखवत त्यांनी सुरुवात केली, "याची खासियत अशी आहे का..."

"काकू," आयुष मध्येच म्हणाला, "तुम्ही तर खरा पाहिला. असाच आहे का?"

गोपिका खुर्चीत ताठ बसली. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिनं नमुन्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तो उजवीकडं झुकला आहे. याईनं त्या वेळी पण उलटाच केला होता."

हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "वर्ल्ड टूर काकाजीची गाडी उलट्या साइडनं गेली!" आयुषनं हसू दाबत म्हटलं, "काही हरकत नाही काकाजी, आता उजवीकडं करून टाका. काकू आहेतच पाहायले." नानाजींनी नमुना उचलून पिशवीत ठेवला.

परतताना स्कूटरवरून म्हाळगीनगरचा चौक ओलांडताना नानाजींना एकदम उत्तर सुचलं, आणि त्यांनी भर रस्त्यात ब्रेक दाबला. मागून! मागून पाहिलं तर उजवीकडे झुकलेला मनोरा डावीकडेच दिसणार! दोऱ्या बांधायला ते स्वतः त्या मनोऱ्याच्या मागे किती वेळा गेले होते. कॅलेंडरवाल्यानं मागच्या अंगानं फोटो काढला असेल, एवढंच. चूक नव्हतीच ती. पण हे सुचलं ते अर्ध्या तासानं आणि तीन किलोमीटरवर, जिथे ऐकायला फक्त मागचे हॉर्न वाजवणारे लोक होते.

"काय झालं जी?" गोपिकानं विचारलं.

"काही नाही," नानाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोपिका कुसुमताईंकडे पापडाला गेली. फोन घरीच चार्जिंगला होता. दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावणं वाईट, हे नानाजींना माहीत होतं, पण त्यांना पुरावा हवा होता. शेकडो फोटोंत एखादा तरी दुसऱ्या बाजूचा निघाला, तर तो आयुषच्या नाकासमोर धरता आला असता. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक फोटो सरकवायला सुरुवात केली. नातू, नातू, पाळणा, नातू, भाजीबाजार, नातू, आणि मग पिसा.

हात धरून उभी असलेली गोपिका सहा वेळा. जितेंद्र आणि बाळगाडी. भूमिका आइस्क्रीम खाताना. आणि त्यानंतर एक फोटो, जो ना स्टेटसला होता, ना कुणाला पाठवलेला. त्यात माणूस नव्हतं. फक्त मनोरा, आठही मजले मोकळे, कुणाच्या पंज्यानं न झाकलेले. आणि तो डावीकडे झुकला होता. थेट नानाजींच्या मनोऱ्यासारखा.

आधी नानाजींना आनंद झाला. मग तो ओसरला. म्हणजे हिला माहीत होतं. काल भर बैठकीत तोंड उघडलं तेव्हाही माहीत होतं.

गोपिका पिठाचे हात झटकत घरात आली तेव्हा नानाजी फोन हातात घेऊन पलंगावर बसले होते. त्यांनी पडदा तिच्याकडे फिरवला. "हे काय आहे वं?"

तिनं फोटो पाहिला आणि समजली. पदराला हात पुसत ती समोरच्या स्टुलावर बसली.

"तुले माहीत होतं, माझं चुकलं नाही. मग चार लोकांत माझं हसं काहून केलं?"

गोपिकानं हाताची बोटं पुढे केली. "तीस वर्षं मी टाचण्या मारल्या जी. माह्या बोटाले पाहा. तुम्ही माइक घ्याल अन् सांगाल, मी हे बांधलं, मी ते बांधलं. एका तरी वर्षी म्हटलं का, कापड गोपिकानं लावलं? काल पहिल्यांदा साऱ्यायनं माह्याकडं पाहिलं. तुमच्याकडं नाही, माह्याकडं. मले वाटलं, एक दिवस तरी तुम्ही चुकले पाहिजे. मग मी म्हटलं, उलटा आहे. खोटं नव्हतं. अर्धंच सांगतलं."

"अन् हा फोटो?"

"सारे लोक एकाच बाजूनं हात धरून उभे होते. मी पण उभी राहिली. मग मनात आलं, आपल्या घरचा तर तिकडं झुकला होता, हा असा काहून? जितेंद्रले म्हटलं, थांबा जरा. अन् चालत चालत मागं गेली. तिथं कोणी नव्हतं. वर पाहिलं, तर हुबेहूब तुमचा. मले रडू आलं."

"काहून?"

"रागानं. एवढ्या दूर गेली, अन् तिथंही तुम्हीच बरोबर निघाले."

नानाजींना यावर हसू यायला हवं होतं, एरवी आलंही असतं. पण त्यांच्या मनात भलतंच शल्य होतं आणि ते बाहेर पडलंच. "तू तर पाहून आली. मले तर पोरीनं धड विचारलं पण नाही. एकदा विचारलं अन् सोडून दिलं. विसरली सारं तिकडं जाऊन."

गोपिकानं मान खाली घातली. "ती नाही विसरली."

"म्हणजे?"

"तिनं दुसऱ्या दिवशी मले फोन केला होता. म्हणे, आई, बाबा उगाच नाही म्हणून राहिले, त्याईच्या मनात आहे, मी पुन्हा विचारते." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी म्हटलं, नको विचारू. त्याईले खरंच कामं आहेत."

बाहेर भाजीवाल्याची हाळी ऐकू येत होती. नानाजींनी फोन पलंगावर उलटा ठेवला.

"तुम्ही सोबत असते," गोपिका हळूच म्हणाली, "तर तिथंही तुम्हीच मले सांगत बसले असते. किती पायऱ्या, किती उंच. मले एक तरी गोष्ट तुमच्या आधी पाहायची होती. बस."

नानाजी उठले, चपला घातल्या आणि बाहेर पडले. राग आला होता, आणि रागापेक्षाही मोठं काहीतरी आलं होतं. तीन महिने आपण जिचा हेवा केला, ती तीस वर्षं आपला हेवा करत आपल्याच मागे उभी होती, तोंडात टाचण्या धरून. हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं. असं कळलं म्हणून माफ करावंसं वाटलं, असंही नाही. आठ महिन्यांचा जळफळाट एका दुपारी विझत नाही. उलट, जे दार लेकीनं उघडं ठेवलं होतं ते बायकोनं लावून घेतलं, हे आठवलं की त्यांच्या हाताच्या मुठी वळायच्या.

पण काम समोर होतं. "आयुषले मी फोन करून खरं सांगते," गोपिका दोनदा म्हणाली. "नको," नानाजींनी दोन्हीदा तेवढंच उत्तर दिलं, आणि सांगाडा उजवीकडे झुकवला. दोघं शेजारी बसून काम करायची, पण बोलणं बांबू दे, दोरी धर, यापलीकडे जात नव्हतं. मनोऱ्याचे ते शेकडो बारीक खांब बनवायला गांधीबागेच्या कापडबाजारातून ताग्यांच्या पुठ्ठ्याच्या नळ्या आणल्या होत्या. प्रत्येक नळीवर गोपिका पांढरं कापड गुंडाळायची. एके दिवशी नानाजींनी पाहिलं, ती कोळसा लागलेलं बोट पाण्यात बुडवून त्या पांढऱ्यावर पुसट राखी रेघा ओढत होती. दगडातल्या रेघा. त्यांनी विचारलं नाही, पण पायऱ्या करायला घेतल्या तेव्हा पीओपी ओलं असतानाच त्यांनी प्रत्येक पायरीच्या मधोमध अंगठा फिरवून खोलगट केलं. गोपिकानं ते पाहिलं.

घटस्थापनेला दोन दिवस राहिले होते. सक्करदऱ्याच्या मैदानात मनोरा उभा राहिला, उजवीकडे झुकलेला, आयुषच्या मनासारखा. दुपारी चारच्या सुमाराला दोघं मागच्या बाजूला शेवटचं कापड ताणत होती. या बाजूला कुणी येत नाही. इथे बांबू, गाठी, सुतळीचे तुकडे आणि पाण्याची बाटली. आणि इथून मनोरा डावीकडे झुकला होता.

गोपिकाचा फोन वाजला. भूमिका होती, मांडीवर नातू. नानाजींच्या हाताला पीओपी लागलं होतं म्हणून गोपिकानंच फोन धरला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, मनोरा दाखवून झाला. मग भूमिका म्हणाली, "बाबा, पुढच्या जूनमध्ये याचा पहिला वाढदिवस आहे. या वेळी तुम्ही..."

"येतो," नानाजी म्हणाले.

"अजून मी विचारलं कुठं?"

"विचारणार होती ना? मग येतो."

भूमिका मोठ्यानं हसली. "अन् आई, तू? तू पण ये ना बाबांसोबत."

गोपिकानं तोंडातल्या टाचण्या काढून तळहातावर घेतल्या. "मले कुठं वेळ आहे वं," ती म्हणाली. "मी तर आताच येऊन गेली. तुह्या बाबाले ने. सारं दाखव त्याईले."

"बरं आई," भूमिका म्हणाली. नातू रडायला लागला आणि फोन बंद झाला.

गोपिका वळून कापडाला टाचण्या मारायला लागली. एक, दुसरी, तिसरी. टाचण्या सरळ जात होत्या, पण ती जरा जास्तच मन लावून मारत होती. नानाजींना तिची फक्त पाठ दिसत होती आणि त्या पाठीवरून त्यांना सगळं कळत होतं. तिनं ताटावर आडवा हात धरला होता.

नानाजी गप्प राहिले. त्यांना फक्त गप्पच राहायचं होतं, दुसरं काही करायचंच नव्हतं. तिकीट एकाचंच येईल. पांढरं देऊळ, व्हेनिस, पिसा, सगळं ते एकटे पाहतील, आणि परत येऊन घटस्थापनेला माइक हातात घेतील, तेव्हा मध्ये तोंड घालायला कुणी नसेल. हिनं जे केलं तेच, तसूभर जास्त नाही. या विचारानं त्यांना मोठं बरं वाटलं. त्यांनी हाताचं पीओपी खरवडलं, बाटलीतलं पाणी प्यायले आणि तिला त्या शांततेत उभं राहू दिलं. थोडा वेळ तरी तिनं उभं राहायलाच हवं होतं. ते स्वतः जानेवारीपासून उभे होते.

गोपिकाची टाचणी खाली पडली. ती वाकली, उचलली, आणि उठताना तिनं पदरानं पटकन डोळा टिपला. नवऱ्यानं पाहिलं नसेल असं तिला वाटलं.

"गोपिका," नानाजी म्हणाले, "तू पण चाल वं."

"नको जी," ती तशीच पाठमोरी म्हणाली. "तुम्ही पाहून या. माझं पाहून झालं."

नानाजींनी हात पुसले, जवळ जाऊन तिच्या तळहातावरच्या टाचण्या काढून घेतल्या, आणि लेकीचं धरून तिसऱ्यांदा विचारलं.